पाकिटातले लाडू

"मम्मीने सांगितलंय, इथे फक्त पाकिटातलंच खायचं."

अन्वी हे बोलली तेव्हा सात वर्षांची होती. आमच्या वरच्या मजल्यावर राहते. माझी जाई त्याच दिवशी सात वर्षांची झाली होती, तिच्या वाढदिवसालाच अन्वी आमच्याकडे आली होती. बोलली तेही अगदी गोड आवाजात. पाहुण्यांसमोर कविता म्हणायला सांगितल्यावर मुलं बोलतात ना, तसं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. घरून जे सांगून पाठवलं होतं, ते तिने सांगितलं.

तिच्यासमोर माझी आई उभी होती. हातात स्टीलचं ताट, ताटात नागलीचे, म्हणजे नाचणीचे, लाडू. दोन दिवस खपून तिने ते केले होते. नागली भाजली, जात्यावर नाही पण घरच्या छोट्या चक्कीवर दळली, गूळ चिरला, तूप कढवलं. आईचा लाडू ओळखू येतो. वळून झाला की ती अंगठ्याने वर हलका दाबते, तिथे खळगा पडतो. ताटातल्या साठ लाडवांवर साठ खळगे होते.

"खा गं बाय, तुपातले हायेत," एवढंच ती म्हणाली होती. त्यावर अन्वीचं ते वाक्य.

आईने माझ्याकडे पाहिलं. पाकीट म्हणजे काय हे तिला कळतं. लाडू पाकिटात कशाला घालायचा, हे तिला कळेना. अन्वीने टेबलावरचं वेफर्सचं पाकीट उचललं. मग बाकीच्या मुलांनीही. बारा मुलं होती. बाराही जणांनी वेफर्स घेतले, ज्यूसचे खोके घेतले, नळ्या खोचल्या. ताटाकडे कुणी फिरकलं नाही. म्हणजे बाराही घरांतून तेच सांगून पाठवलं होतं.

केक मात्र चालला. केक बेकरीतला. तो कापला जाईने, पण प्लेटमध्ये घालायला अन्वीची मम्मी पुढे झाली. "द्या, मी वाढते, तुम्ही दमलात," म्हणाली. आणि मी मनात म्हटलं, किती समजूतदार बाई आहे. खरंच म्हटलं. अक्कल गहाण टाकली होती मी.

पातेलंभर पुलाव केला होता, मीच केला होता. मुलं जेवून आलीत, असं सगळ्या मम्म्यांनी सांगितलं. संध्याकाळचे सहा वाजले होते. आमच्या बिल्डिंगमध्ये एरवी आठच्या आत कुणाच्या कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. त्या दिवशी बाराच्या बारा मुलं सहाला जेवून तयार होती.

सगळे गेल्यावर आईने ताटावर फडकं टाकलं. मी फुगे काढले. जाई भेटवस्तू उघडत बसली. जाईचे पप्पा म्हणाले, "जाऊ दे ना." हे त्यांचं नेहमीचं. पाटबंधारे खात्यात क्लार्क आहेत, दिवसभर टेबलावरून फायली पुढे ढकलतात, घरी आले की गोष्टी पुढे ढकलतात. मला रडू वगैरे आलं नाही. काहीच वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग आपलंच तोंड आपलं वाटत नाही. तसं झालं होतं. पुलाव फ्रीजमध्ये ठेवला. लाडू आम्ही पंधरा दिवस खात होतो.

आता हे समजायचं तर एक वर्ष मागे जावं लागेल.

म्हसरूळला हा फ्लॅट घेतला तेव्हा जाई पाच वर्षांची होती. तिचा सहावा वाढदिवस आम्ही याच घरात केला. तेव्हाही पुलावच होता, शेवयांची खीर होती, सगळं माझ्याच हातचं. तेव्हा सगळ्यांनी ताटं चाटून पुसून खाल्लं. अन्वीची मम्मी तर डबा भरून घेऊन गेली, तिच्या सासऱ्यांसाठी. मला रेसिपी विचारली. कारण आमचं आडनाव. आमचं आडनाव असं आहे की ते दोन्हीकडे चालतं, मराठ्यांतही आणि आमच्यातही. लोकांनी आपल्या सोयीने ते धरलं. गाव कोणतं, असं विचारलं की मी नाशिक सांगायची. नाशिकच्या अलीकडचं की पलीकडचं, असं कुणी विचारलंच तर कुकरकडे बघायला आत जायची.

त्याच वर्षी माझे वडील गेले. आई गावी एकटी पडली. गाव आमचं पेठच्या पुढे, घाट उतरून. आईला मी इकडे आणलं. पावसात रोपांच्या आवणीला ती गावी जाणार, बाकीचे महिने माझ्याकडे, असं ठरलं. आईच्या कपाळावर गोंदलेलं आहे, हनुवटीवर तीन ठिपके, दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. लुगडं गुडघ्याच्या जरा खाली. ती बोलते तेव्हा आमच्याकडचं बोलणं येतं, त्याला आडपडदा नाही. पहिल्या आठवड्यात जिन्यात तळमजल्याच्या बाईंनी मला थांबवलं. "कामाला ठेवल्यात का त्या? आमच्याकडे पण विचाराल का?"

मी म्हटलं, "माझी आई आहे ती."

"अगं बाई, हो का," म्हणाल्या. आणि त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कळलं. आम्ही कोकणा. आदिवासी. कुणी काही बोललं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी कुणाला तोंडावर काही बोलत नाही, सगळे शिकलेले आहेत. फक्त पुढच्या वाढदिवसाला मुलं जेवून आली.

माझं काम सांगायचं राहिलं. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे, टेक्निशियन. अठरा वर्षं झाली रक्त काढते. दंडाला पट्टा बांधायचा, मूठ आवळा म्हणायचं, शीर चाचपायची. लहान मुलांची, म्हाताऱ्यांची, किमो घेऊन घेऊन शिरा करपलेल्या माणसांची, सगळ्यांची शीर मला सापडते. बिल्डिंगमधले सगळे रक्ताला माझ्याकडेच यायचे. म्हणजे मीच त्यांच्याकडे जायची. रविवारी सकाळी अंघोळ करून, किट घेऊन. अन्वीच्या आजोबांना डायबिटीस आहे. दर महिन्याला त्यांची उपाशीपोटीची शुगर मी घरी जाऊन काढायची. पैसे कधी घेतले नाहीत. शेजारी आहेत, असं आपलं. ते आजोबा हात पुढे करून म्हणायचे, "तुमचा हात फार हलका आहे हो." मला बरं वाटायचं.

मग अन्वीची मम्मी चहा आणायची. मला कागदी कपात. "घाईत असाल ना, घेऊन जा बरोबर," म्हणायची. मी जिना उतरता उतरता प्यायची. त्या पाकिटाच्या दिवसानंतरच्या रविवारी मी पहिल्यांदा बघितलं. टेबलावर चार कपबश्या होत्या, फुलांच्या. घरात माणसं चार. आणि एक कागदी कप. माझ्या हाताने सुई टोचून घेतात, रक्त काढून घेतात, पण माझं तोंड लागलेला कप त्यांना घासायला नको. हे मला कळलं. कळलं आणि तरी मी तो चहा प्यायले. कप जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि पुढच्या महिन्यात परत गेले. माणूस किती कोडगा होऊ शकतो ते मी स्वतःवरून सांगते.

आता तुम्ही म्हणाल, मग वाढदिवस करायचाच कशाला घरी. हॉटेलात करा, नाहीतर करूच नका. तर त्याचं असं आहे, मला वाढदिवस नव्हता. आश्रमशाळेत नाव घातलं तेव्हा गुरुजींनी आईला विचारलं, जन्म कधीचा. आई म्हणाली, नागलीची आवणी चालली होती. गुरुजींनी एक जून लिहिलं. आमच्या वर्गातल्या सतरा पोरांचा जन्म एक जूनचा आहे. तेव्हा जाई झाली त्या दिवशी मी ठरवलं होतं, हिचा वाढदिवस होणार, घरात होणार, घर भरून माणसं येणार. एवढंच माझं स्वप्न. मोठं नाही.

आणि वाढदिवस म्हणजे काय हे मी पहिल्यांदा कुठे पाहिलं तेही सांगते. आठ वर्षांची होते. दिवाळीच्या सुट्टीत आई मला निफाडकडे द्राक्षबागेत घेऊन गेली होती. आमच्याकडची माणसं भात-नागली झाली की तिकडे कामाला उतरतात, घड औषधात बुडवायला. हात पिवळे पडतात, काही केल्या निघत नाहीत. मालकाच्या मुलाचा वाढदिवस होता. आम्हा मजुरांच्या पोरांना ओट्याखाली उभं केलं आणि टाळ्या वाजवायला सांगितल्या. आम्ही वाजवल्या. मग मालकीणबाई केक घेऊन आल्या. हसतमुख बाई, रागावली वगैरे नाही. म्हणाल्या, "ओंजळ करा." आणि वरून सोडला. हात लागू नये म्हणून चांगल्या वीतभर उंचीवरून. माझा निम्मा ओंजळीत पडला, निम्मा मातीत. आई मागे उभी होती. तिने खालचा उचलला, माती झटकली, मला दिला. मी खाल्ला. गोड होता. मला अजून हेच सहन होत नाही, की तो गोड होता.

त्या दिवशी मला कळलं आपण कोण आहोत. कुणी सांगितलं नाही. हातावरची क्रीम चाटताना कळलं.

तर जाईचा आठवा वाढदिवस. म्हणजे मागच्या वर्षीचा. तयारीला मी महिनाभर आधी लागले आणि डोकं लढवलं. आता जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते, पण सांगते. पाकिटातलंच खायचं ना? ठीक आहे. मी पाकीट चिकटवायचं छोटं मशीन मागवलं, ऑनलाइन मिळतं. प्लास्टिकच्या जाड पिशव्या मागवल्या. जाईच्या पप्पांना झेरॉक्सच्या दुकानात पाठवून स्टिकर छापून घेतले. एक इंग्रजी नाव ठरवलं, वर डोंगराचं चित्र. नागली लिहिलं नाही, रागी लिहिलं. नागली म्हटलं की गाव दिसतं, रागी म्हटलं की दुकान दिसतं. आईने लाडू वळले. मी एका पाकिटात दोन दोन घातले, मशीनखाली धरून दाबले. चर्र आवाज व्हायचा. जाई स्टिकर लावायला बसली होती. तिला मजा वाटत होती.

आणि आईला आम्ही गावी पाठवलं. पार्टीच्या आदल्या दिवशी. मी तिला म्हटलं, घराचं कौल बघून ये, माकडांनी उचकटलं असेल. ती म्हणाली, "बरं." जाईच्या पप्पांनी तिला पेठ नाक्यावर जीपमध्ये बसवून दिलं. माकडं वगैरे काही नव्हतं. मला माहीत होतं, तिला माहीत होतं. तिने फक्त जाताना विचारलं, लाडू पुरतील ना.

पुरले नाहीत. झाडून सगळी पाकिटं संपली. मुलांनी खाल्ली, मम्म्यांनी खाल्ली, दोघींनी पर्समध्ये टाकून नेली. अन्वीच्या मम्मीने पाकीट उलटसुलट करून बघितलं. "कुठून मागवले? हॅण्डमेड दिसतात, बघा ना, वर खळगा आहे. मला नंबर द्या यांचा." मी म्हटलं, "एक बाई आहेत, त्या करतात. सध्या ऑर्डर घेत नाहीत." माझी आई, एक बाई. माझ्या तोंडून आलं ते. आणि मला आनंद झाला होता, हो. जिंकल्यासारखं वाटलं. कशी गंमत केली एकेकीची, असं मी जाईच्या पप्पांना सांगत होते, भांडी घासता घासता हसत होते. म्हटलं, बरं झालं आई नव्हती, ती असती तर कुणी तोंड लावलं नसतं.

जाई तिथेच होती. ओट्याजवळ स्टुलावर बसून उरलेले स्टिकर वहीवर चिकटवत होती.

हे झालं मागच्या वर्षी. आता या वर्षीचं.

या शनिवारी जाई नऊ वर्षांची होणार. गेल्या रविवारी सकाळी ती म्हणाली, या वेळी प्लॅनिंग मी करणार. म्हटलं कर. वही घेऊन बसली, जांभळं पेन घेतलं, मान वाकडी करून लिहीत होती. मी भाजी निवडत होते. आई आत होती. थोड्या वेळाने जाईने वही माझ्यासमोर ठेवली. अक्षर तिचं सुरेख आहे, शाळेत बक्षीस मिळालंय.

१. जांभळे फुगे
२. केक (युनिकॉर्न)
३. आजीला गावी सोडणे – शुक्रवार
४. लाडू पाकिटात भरणे, स्टिकर
५. संगीत खुर्ची, गाणी पप्पा लावतील

मी तिसरी ओळ वाचली. परत वाचली. म्हटलं, "हे काय लिहिलंयस?"

"मागच्या वर्षी सोडलं होतं ना."

"का सोडलं होतं?"

तिने पेनाचं टोपण लावलं. माझ्याकडे बघितलं, मी साधी बेरीज चुकल्यासारखं. "अगं, आजी असली की कोणी खात नाही. तूच म्हणालीस ना पप्पांना."

तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. घरून जे शिकवलं होतं, ते तिने लिहिलं होतं. फुगे, केक, आजी. केक आणायचा, आजी न्यायची. दोन वर्षांपूर्वी अन्वी माझ्या दारात उभी राहून जे बोलली, ते आता माझीच पोरगी माझ्याच घरात बसून बोलत होती, आणि अन्वीला तिच्या मम्मीने शिकवलं होतं तसं हिला मी शिकवलं होतं. त्या मालकीणबाईंनी केक वरून सोडला होता. मी माझ्या आईला पेठ नाक्यावर सोडलं. फरक मला तरी सापडेना.

मी आत गेले. आई पलंगाखालून तिची कापडी पिशवी काढून बसली होती. दोन लुगडी घडी करून आत घातली होती, तंबाखूची डबी घातली होती. म्हणाली, "शुक्रवारच्या गाडीनं जाते. नागली उद्याच आण, जायच्या आधी लाडू वळून ठेवते. पाकिटं तू भर, मला ते मशीन नाय जमत."

मी विचारलं, "आई, तुला वाईट नाही वाटत?"

ती पिशवीचे बंद बांधत राहिली. मग म्हणाली, "वाटायचं काय त्यात. पोरीचा दिस हाय. माझ्यापायी तिचा कशाला खराब." आणि बंदाला गाठ मारून, "तू लहान होती तवा मी ती माती झटकली. आता तू झटकतीस. चालायचंच."

तिला तो केक आठवत होता. तीस वर्षं आम्ही दोघी त्या केकबद्दल कधी बोललो नव्हतो. मला वाटत होतं ती विसरली.

मी तिच्या हातातून पिशवी घेतली. लुगडी काढली, कपाटात ठेवली. माझ्या कपाटात, माझ्या साड्यांवर. ती म्हणाली, काय करतीस. मी म्हटलं, तू कुठे जात नाहीस. तिला ते आवडलं असं काही नाही, सांगून ठेवते. ती घाबरली. म्हणाली, पोरीचा वाढदिवस मोडशील तू. लय शहाणी झालीस. मशीन माळ्यावरून काढलं, वायर गुंडाळली आणि खाली कचरागाडी आली होती तिच्यात नेऊन टाकलं. उरलेल्या पिशव्या, स्टिकरसुद्धा. वॉचमन म्हणाला, ताई चालू दिसतंय. मी म्हटलं, चालूच आहे.

मग मोबाइल घेतला. आमच्या बिल्डिंगच्या मम्म्यांचा एक ग्रुप आहे. त्यावर मी लिहिलं. जाईच्या पप्पांना विचारलं नाही, त्यांनी जाऊ दे ना म्हटलं असतं. लिहिलं ते जसंच्या तसं देते:

"शनिवारी संध्याकाळी सहा वाजता जाईचा वाढदिवस आमच्या घरी आहे. जेवण मी करणार आहे, लाडू माझी आई वळणार आहे. मागच्या वर्षी तुम्ही खाल्लेले पाकिटातले लाडू पण तिनेच वळले होते. ती कंपनी वगैरे खोटी होती. पाकिटं मी घरी चिकटवली होती. या वर्षी पाकीट नाही. माझी आई स्वतः ताटातून वाढेल. मुलांना उपाशी पाठवा. ज्यांना हे चालत नाही त्यांनी मुलांना पाठवू नये, आणि खोकला झाला असंही कळवू नये."

पाठवलं. सुई घालते तसं, एका दमात.

मेसेज कुणी वाचला त्या यादीत नावं एकेक करून आली. बारा. उत्तर एकीचंही नाही. थोड्या वेळाने तळमजल्याच्या बाईंनी पाण्याचा टँकर कधी येणार असा मेसेज टाकला, त्याला लगेच पाच जणींनी उत्तर दिलं. मी फोन पालथा ठेवला आणि भाजी फोडणीला टाकली.

जाईच्या पप्पांना दुपारी खाली कुणीतरी तो मेसेज दाखवला. वर येऊन ते गॅलरीत उभे राहिले. मला वाटलं, आता भांडण होणार. आत येऊन म्हणाले, "स्टिकर मीच छापून आणले होते. ते पण लिहायचंस." एवढंच बोलले आणि पेपर वाचायला बसले. बारा वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदा एखादी गोष्ट पुढे ढकलली नाही.

सोमवारी संध्याकाळी अन्वीची मम्मी आली. दारातच उभी राहिली. "अहो, ग्रुपवर असं लिहायची काय गरज होती? चार लोकांत आमची शोभा केलीत. आणि तुम्हाला आम्ही कधी वेगळं मानलं का, सांगा बरं. बाबांचं ब्लडसुद्धा तुमच्याच हातचं लागतं आम्हाला."

मी म्हटलं, "आत या. चहा घ्या. आईने टाकलाय."

ती म्हणाली, "नको, आत्ताच झाला."

मी म्हटलं, "कागदी कपात देऊ का?"

तिला समजलं. चेहरा पडला तिचा. मला वाटलं होतं, असं कधी बोलले तर मला बरं वाटेल. तसंही काही वाटलं नाही. ती म्हणाली, तुम्ही लोक फार मनाला लावून घेता. मग म्हणाली, तुम्ही आम्हाला फसवलंत मात्र, लाडवांचं. मी म्हटलं, हो, फसवलं. ती जिन्यापर्यंत गेली आणि परत वळली. बाई मोठी व्यवहारी. "रविवारी बाबांची शुगर आहे. येताय ना नेहमीसारख्या?"

"लॅब सात वाजता उघडते," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"उपाशीपोटी आणा. नंबर लावा. मीच असते तिथे."

आजोबांचा हात मी लॅबमध्येही तसाच धरीन, सुई तशीच हलकी घालीन. त्यांचा काही दोष नाही, आणि असला तरी माझं काम आहे ते. पण किट घेऊन तो जिना मी परत चढणार नाही.

आज गुरुवार. सकाळपासून घरात नागली भाजल्याचा वास आहे. आई लाडू वळते आहे, तोंडाने पुटपुटते आहे की कोण खाणार एवढे. वळते मात्र साठच. जाई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. अन्वी तिला शाळेच्या व्हॅनमध्ये म्हणाली, आम्ही शनिवारी मॉलमध्ये जाणार आहोत. आणखी तिघींनी तेच सांगितलं. मॉलमध्ये गर्दी होणार म्हणायची.

मघाशी जाई माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले. "मम्मी, आता कोणीच येणार नाही ना?"

मी तिला जवळ घेऊन, येतील गं, असं म्हणू शकले असते. आईने मला असंच सांगितलं असतं. माती झटकून दिली असती.

मी म्हटलं, "बहुतेक नाही येणार."

"आजीमुळे?"

"नाही. त्यांच्यामुळे. आणि मागच्या वर्षीचं माझ्यामुळे."

तिला ते कळलं नाही. कळेल. तिच्या वहीचं ते पान मी फ्रीजवर लोहचुंबकाने लावून ठेवलं आहे, पाचही ओळींसकट. तिसरी ओळ खोडली नाही. ती मला दिसायला पाहिजे, रोज, दूध काढताना, पाणी घेताना.

शनिवारी सहा वाजता दार उघडं असेल. जांभळे फुगे असतील, युनिकॉर्नचा केक असेल, पप्पा गाणी लावतील. बारा खुर्च्या मांडणार आहे, रिकाम्या राहिल्या तरी काढणार नाही. पहिलं ओवाळणार माझी आई, गोंदलेल्या हातांनी, आणि जाई पहिला घास तिच्या हातचा खाणार. केक कापायच्या आधी मी जाईला समोर बसवून सगळं सांगणार आहे. ओंजळीतला केक, मातीतला केक, कागदी कप, ते मशीन, पेठ नाका. कुणी काय केलं आणि मी काय केलं, नावानिशी. ती रडेल. रडू दे. लहान आहे अजून, असं आई म्हणते.

लहान नाही. मला कळलं तेव्हा मी आठ वर्षांची होते.